अभ्यासिकेतून सभागृहात : बाबासाहेबांनी बांधलेला पूल

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतल्याशिवाय आज कोणत्याही पक्षाचे राजकारण पुढे सरकत नाही. १४ एप्रिलला हार घालण्यासाठी रांगा लागतात, ६ डिसेंबरला अभिवादनाच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात. घटनाकार बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. चवदार तळ्याचे आणि काळाराम मंदिराचे बाबासाहेब आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहेत. परंतु अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके पालथी घालून, आकड्याला आकडा भिडवून सरकारला सभागृहात जाब विचारणारे बाबासाहेब मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रस्थापितांना ते सांगणे परवडणारे नाही. कारण पुतळ्यातले बाबासाहेब प्रश्न विचारत नाहीत. सभागृहातले बाबासाहेब विचारतात.

हे आम्ही खुलताबादहून लिहीत आहोत, त्यालाही कारण आहे. मार्च २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू होते. १० मार्चला सुमारे सात लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच महिन्यात खुलताबादचे नाव देशभर गाजले. येथील पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे, शाळांसाठी नव्हे, शेतमजुरांच्या हाताला मिळणाऱ्या कामासाठी तर नव्हेच. ते गाजले औरंगजेबाच्या कबरीसाठी. औरंगजेबावरील वक्तव्यावरून एक आमदार अधिवेशनापुरते निलंबित झाले, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, आणि सात लाख कोटींतले आमच्या वाट्याला काय आले हा प्रश्न त्या गदारोळात कुठल्या कुठे वाहून गेला. याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने जमिनीची मोजणी करवली आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. आधी मोजावे आणि मग आकारावे, हे शहाणपण या मातीत १६२६ सालापूर्वीच येऊन गेले आहे. कबरींवरून भांडणाऱ्यांना त्याची आठवण होत नाही.

मोजल्याशिवाय कायदा करू नये आणि कायदा केल्यावर मोजायला विसरू नये, हाच बाबासाहेबांच्या संसदीय जीवनाचा गाभा आहे. त्या अंगाने त्यांचे चरित्र वाचले पाहिजे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सातारा-मुंबईच्या शाळांत ज्याला वर्गात वेगळे बसावे लागले होते, तो विद्यार्थी तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारख्या सार्वजनिक वित्तव्यवहाराच्या विद्वानाच्या हाताखाली शिकू लागला. विषय कोणता निवडला? १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता. सरकार पैसा कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हा प्रश्न त्यांनी ऐन तारुण्यात हाती धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. योगायोग असा की त्याच काळात, १९१४ साली, अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या ग्रंथालयात लोकप्रतिनिधींना माहिती व संशोधन पुरवणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. विस्कॉन्सिन राज्याने तर १९०१ सालीच असे संदर्भ ग्रंथालय काढले होते. कायदा करणाऱ्याच्या मागे अभ्यास करणारा माणूस उभा असला पाहिजे, नाहीतर तो सरकारी अधिकाऱ्याच्या आणि धनदांडग्यांच्या सांगण्यावर चालतो, ही जाणीव त्या देशात तेव्हा मूळ धरत होती. आपल्या देशात तो विचार करायला कोणाला सवड नव्हती, कारण कायदेमंडळच इंग्रजांचे होते आणि त्यात बसलेले बहुतेक हिंदी सभासद जमीनदार, वकील आणि व्यापारी होते.

परत आल्यावर बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे त्यावेळी मोठमोठे लोक सांगत होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावरून ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलावरून आणि श्रमावरून ठरते. आणि शेतीवर पडलेला रिकाम्या हातांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. ज्या समाजाला जमीनच ठेवू दिली नाही, त्या समाजातला प्राध्यापक जमिनीच्या धोरणाची चिकित्सा करत होता.

२७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. आपल्या चळवळीच्या इतिहासात या दिवसाचे महत्त्व मोठे आहे. अभ्यास करणारा माणूस आणि कायदा घडवणारी यंत्रणा यांची अस्पृश्य समाजाच्या वतीने झालेली ही पहिली मोठी गाठभेट होती. ते तेथे दयेचा अर्ज घेऊन गेले नाहीत. मालमत्तेवर आधारलेला मताधिकार ठेवला तर अस्पृश्यांचा मतदारच उरत नाही, हे त्यांनी मांडले आणि स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. समितीने ते सारे मानले नाही. पण मागणी कशी मांडावी लागते, याचा पायंडा पडला.

पुढे लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर कोलंबियाने पीएच.डी. दिली. केंद्र सरकार प्रांतांना किती देते, प्रांत ते कसे खर्च करतात, हिशोबाची सूत्रे कोणाच्या हातात आहेत, याची ही चिरफाड होती. अर्थसंकल्पाच्या वेळी कायदेमंडळांचे सभासद हा ग्रंथ आधाराला घेत असत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे बाबासाहेब स्वतः सभागृहात पोहोचण्यापूर्वी त्यांचा ग्रंथ तेथे पोहोचला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

आणि मग १९२७ साल उजाडले. १८ फेब्रुवारीला मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद म्हणून बाबासाहेबांनी शपथ घेतली. सहाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. नवा सभासद पहिल्या भाषणात सरकारचे आभार मानतो, अशी रीत होती. बाबासाहेबांनी सरळ महसुलाच्या पद्धतीला हात घातला. पीक बुडो की पिको, एक एकरवाल्या शेतकऱ्यालाही सारा द्यावाच लागतो. आणि प्राप्तिकर मात्र ठराविक उत्पन्नाच्या खाली कोणाला लागत नाही. गरिबाला सूट नाही आणि मिळकतवाल्याला आहे, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी १८ पोहोचतात. शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि दारूच्या महसुलातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. याच गतीने गेलो तर शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांना शिक्षणाखाली आणायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३०० वर्षे. वाचकहो, हे आकडे काही गुप्त नव्हते. सरकारी अहवालांत ते छापलेले होते. सभागृहात इतरही विद्वान बसले होते. पण ते आकडे कोणाच्या चुलीशी जोडायचे, हे अभ्यास आणि अनुभव दोन्ही असलेल्या माणसालाच समजते.

आता तारखा नीट पाहा. १२ मार्चला शिक्षणावरचे भाषण, आणि त्यानंतर आठव्या दिवशी, २० मार्च १९२७ रोजी, महाडचे चवदार तळे. सभागृहातले बाबासाहेब आणि सत्याग्रहातले बाबासाहेब वेगळे नव्हते. महाडच्या लढ्याचे मूळही कौन्सिलच्या एका ठरावात होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद झाला, शिक्का बसला. पाण्याला मात्र कोणी हात लावू दिला नाही. १९२६ साली बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचे अनुदान रोखा. ठराव करणे सोपे असते; त्याचा अंमल झाला की नाही हे विचारत राहणे अवघड असते. कायदेमंडळाची चिकित्सा म्हणतात ती हीच. सभागृहाने विचारणे सोडले, म्हणून जनतेला तळ्यावर जावे लागले.

हीच गोष्ट आमच्या परिसरातही घडली आहे. १९३४ साली बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वेरूळ आमच्या खुलताबाद तालुक्यात. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ हा एकच रस्ता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या मंडळींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडले गेले. ज्यांनी जागतिक कीर्तीच्या दोन विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या, गोलमेज परिषदेत ज्यांनी साम्राज्याच्या पंतप्रधानापुढे आपल्या समाजाची बाजू मांडली, त्यांच्या वाट्याला हे आले. मुंबई कौन्सिलचा बोले ठराव येथे लागू नव्हता, कारण हा मुलूख निजामाचा. आणि निजामाच्या राज्यात सरकारला जाब विचारू शकेल असे लोकनियुक्त विधिमंडळच नव्हते. एका राज्यात कायदा असून पाणी नव्हते, दुसऱ्या राज्यात पाणी मागायला सभागृहच नव्हते. बाबासाहेबांनी दोन्ही पाहिले. संसदीय लोकशाहीवर त्यांचा जो विश्वास होता, तो भाबडा नव्हता. या दोन्ही अनुभवांतून तावून सुलाखून निघालेला होता.

मुंबई कौन्सिलात त्यांनी १९२८ साली महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन म्हणजे मान नव्हे, गावाची वेठ आहे, हे त्यांनी हिशोबाने दाखवले. विधेयक निवड समितीकडे गेले, तेथे त्याचे रूप पालटले, आणि १९२९ साली बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. शेवटी कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. खोतीचेही तसेच. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि कायदा झाला १९४९ साली. त्यांचे विधेयक पडले म्हणून अभ्यास वाया गेला नाही. पुढच्यांना रस्ता आखून मिळाला. १९२८ साली गिरणीतल्या बाळंतिणींना सवेतन रजा देण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज नोकरीतली कोणतीही बाई प्रसूतीच्या रजेवर जाते, तेव्हा त्या सभागृहातल्या चर्चेचा वारसा तिच्या पदरात असतो.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आता ते प्रश्न विचारणाऱ्या बाकावर नव्हते, उत्तर देणाऱ्या बाकावर होते. माणसाची खरी परीक्षा येथे होते. बाबासाहेबांनी सरकारात बसल्यावर अभ्यासाला टाळा लावला नाही. कामगारांसाठी कायदे करायचे तर आधी कामगार कसा जगतो हे कळले पाहिजे, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत १९४४ साली रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. मजुरी, कामाचे तास, घरे, कर्ज, अपघात यांची उद्योगवार पाहणी झाली आणि १९४६ साली अहवाल आला. त्याच वर्षी कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या योजनांतही त्यांनी अभियंत्यांना आणि जलतज्ज्ञांना हाताशी धरूनच निर्णय केले. तज्ज्ञाचे ऐकायचे, पण निर्णयाची जबाबदारी लोकांना उत्तर देणाऱ्या माणसानेच घ्यायची, ही त्यांची शिस्त होती.

राज्यघटनेच्या वेळी ही शिस्त सर्व देशाने पाहिली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. तिच्यापुढे घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव यांनी जगभरच्या राज्यघटनांचा अभ्यास करून तयार केलेला कच्चा मसुदा होता. बाबासाहेबांनी तो जसाच्या तसा पुढे सरकवला नाही आणि केराच्या टोपलीतही टाकला नाही. कलमामागून कलम तपासले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेबांनी त्यांना उत्तरे दिली. शेवटच्या भाषणात त्यांनी राव यांचे आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. संशोधकाचे काम वापरायचे आणि त्याचे नाव दडपायचे, ही विद्येच्या क्षेत्रातली जुनी चोरी आहे. बाबासाहेबांनी ती केली नाही.

घटनेतल्या एका पदाकडे मात्र आपल्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही. ते म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी या पदाला घटनेतले बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद मानले आणि त्याचे कर्तव्य न्यायव्यवस्थेहूनही मोठे असल्याचे सांगितले. का? कारण संसदेने जो पैसा ज्या कामासाठी मंजूर केला, तो त्याच कामावर खर्च झाला की नाही, हे पाहणारा हा माणूस आहे. ज्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशोबापासून आयुष्याला सुरुवात केली, त्यालाच हे सुचणार होते. पण महालेखापरीक्षकाचा अहवाल स्वतःहून बोलत नाही. तो अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर ठेवला जातो आणि सभासद गावाकडे निघून जातात. तो वाचून आमदाराला दोन पानांत समजावणारा कोणी असेल, तरच त्याला वाचा फुटते.

हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी किती वर्षे खर्ची घातली आणि ते रखडवले गेल्यामुळे १९५१ साली मंत्रिपदावर कसे पाणी सोडले, हे सर्वांना माहीत आहे. पुढे ते राज्यसभेत राहिले. पण या साऱ्या काळात त्यांना एक गोष्ट सतत टोचत होती. आपल्यानंतर काय? आपल्यासारखा अभ्यास करून सभागृहात जाणारा दुसरा कोठून येणार? राखीव जागांमुळे माणसे निवडून येतील, पण ती तेथे जाऊन करतील काय?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी संस्था काढल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली आणि दोनच वर्षांत, ज्या परिसरात त्यांना पाण्याला शिवू दिले नव्हते तेथेच, त्यांनी ज्ञानाचा पाणवठा खोदला. मराठवाड्यातला भूमिहीनाचा मुलगा तेथे पहिल्यांदा ग्रंथालयात बसला. आणि १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत आणखी एक शाळा सुरू केली. राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय! संचालक स्वतः बाबासाहेब, कारभार पाहायला सिद्धार्थचे ग्रंथपाल रेगे, विद्यार्थी १५. कायदेमंडळात जाणाऱ्यांना तयार करण्यासाठी खास शाळा काढणारा दुसरा नेता त्या काळात शोधावा लागेल. ती शाळा चालवायला ग्रंथपाल निवडला, यातच सारे आले. पाचच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि थोड्याच काळात ती शाळाही बंद पडली.

बाबासाहेबांचे पुतळे हजारोंनी उभे राहिले, आणि ते राहिलेच पाहिजेत. पण १५ विद्यार्थ्यांची ती शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून किती मोर्चे निघाले?

ही शाळा नसल्याची किंमत आपण मोजली आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. पोचीराम कांबळे यांना जिवानिशी मारले गेले, १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. एका ठरावाच्या अंमलाला साडेपंधरा वर्षे! १९२३ चा बोले ठराव आणि १९७८ चा नामांतराचा ठराव यांत पंचावन्न वर्षांचे अंतर आहे, पण दुखणे एकच. सभागृह ठराव करते आणि विसरते. न विसरणारा माणूस सभागृहात बसलेला असला पाहिजे, आणि त्याला आठवण करून देणारा अभ्यासक सभागृहाबाहेर जागा असला पाहिजे.

आज तर विसरण्याचा वेगही वाढला आहे. १९९३ साली संसदेत विभागीय स्थायी समित्या सुरू झाल्या. विधेयक समितीकडे गेले म्हणजे तज्ज्ञांची, संघटनांची, सामान्य माणसांची साक्ष होते. पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात, अवघी १६ टक्के. २०२० सालचे तीन शेती कायदे कोणत्याही समितीकडे न पाठवता मंजूर केले गेले आणि शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसून ते मागे घ्यायला लावले. जे काम समितीच्या खोलीत व्हायचे, ते रस्त्यावर, थंडीत, जीव गमावून करावे लागले. याउलट महाराष्ट्राचे विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा तिच्याकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मसुद्यात काही बदल करावे लागले. २०२५ साली मंजूर झालेल्या त्या कायद्याविषयीच्या आपल्या शंका संपलेल्या नाहीत. पण समितीचे दार उघडले तर जनता आत येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्राच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ आणि जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. म्हणजे ५४ आमदार. दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात, त्यांनीच काढलेल्या महाविद्यालयांत, राज्यभरच्या विभागांत आपली शेकडो मुले-मुली शिष्यवृत्ती, भूमिहीनता, ऊसतोड, अत्याचार, वसतिगृहे, अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी अशा विषयांवर प्रबंध लिहितात. मौखिक परीक्षा होते, पदवी मिळते, पेढे वाटले जातात, आणि प्रबंध कपाटात जातो. फार तर शोधगंगेच्या संग्रहात चढतो. ज्या आमदाराच्या मतदारसंघावर तो प्रबंध आहे, त्याला त्याचा पत्ता नसतो. आणि तो आमदार तारांकित प्रश्न विचारायला अधिकाऱ्यांच्या टिपणावर अवलंबून राहतो. ज्याची चौकशी करायची, त्याच्याकडूनच प्रश्नपत्रिका घ्यायची, असा हा प्रकार आहे.

काही जण म्हणतील, पक्षादेश आला की आमदार हात वर करतो, त्याला अभ्यास देऊन उपयोग काय? आक्षेप खरा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मतदानाच्या वेळी सभासदाचे हात बांधले गेले आहेत. पण तोंड बांधलेले नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक, लोकलेखा समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती, ही सारी हत्यारे पक्षादेशाशिवाय चालवता येतात. ती गंजून पडली आहेत, कारण त्यांना धार लावायला लागणारी माहिती वेळेवर मिळत नाही. बाबासाहेब १९२७ साली सरकारने नेमलेले सभासद होते, त्यांच्या मागे एकही पक्ष नव्हता. तरीही त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला उघडे पाडले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विधिमंडळाची वर्षातून तीन अधिवेशने होतात. प्रत्येक अधिवेशनापूर्वी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आपल्या विषयावर दोन पानांचे टिपण काढावे. सरकारने काय कबूल केले, किती तरतूद केली, प्रत्यक्ष किती खर्च झाले, कोणापर्यंत पोहोचले नाही, आणि सभागृहात कोणता प्रश्न विचारावा, एवढेच त्यात असावे. भाषा मराठी असावी, विद्वत्तेचे प्रदर्शन नको. ते टिपण पक्ष न पाहता सर्व ५४ जणांना आणि आपल्या तालुक्याच्या आमदाराला द्यावे. आपल्या बाजूला अडचणीचा ठरणारा आकडा लपवू नये, कारण एकदा खोटे पकडले गेले की पुढची दहा खरी टिपणे कोणी वाचत नाही. आमदारानेही त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर संशोधकाकडे परत पाठवावे, म्हणजे ते खरे की खोटे हे गावात जाऊन पाहता येईल. विद्यापीठांनी अशा कामाला प्रबंधाइतकाच मान द्यावा. आणि आपल्या संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा या कामातल्या गरीब विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चासाठी काढून ठेवावा.

सुरुवात मुंबईतच झाली पाहिजे असे नाही. खुलताबाद तालुक्यातली एखादी वस्ती घ्या. घरकुले किती मंजूर, किती पूर्ण. शिष्यवृत्ती किती मुलांना लागू, किती जणांच्या खात्यात आली. नळ किती, त्यांना पाणी किती दिवस, हे मोजा. मिलिंदच्या ग्रंथालयापासून हा तालुका तासाभराच्या रस्त्यावर आहे. पुढच्या वेळी विधानसभेत खुलताबादचे नाव निघेल, तेव्हा ते कबरीवरून निघू नये. आपल्या माणसाने मोजून आणलेल्या आकड्यावरून निघावे. १ जुलै १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या १५ विद्यार्थ्यांना समोर बसवले होते, त्यांचा वर्ग अर्धवट राहिला आहे. तो पूर्ण करायला नवे १५ जण कोठेही मिळतील. त्यांनी आपापला तालुका वाटून घ्यावा आणि कामाला लागावे.

जयभीम!